पुढची नोटीस येईपर्यंत

मी इंदूर सोडलं त्या दिवशी बाबा मला पोचवायला स्टेशनवर आले खरे, पण गाडी सुटायच्या आधीच निघून गेले. गाडी चारची होती आणि त्यांची गेटवरची पाळी साडेतीनची. आमचं घर स्नेहलतागंजात, स्टेशन पायी दहा मिनिटांवर. माझी ट्रंक त्यांनी सायकलच्या कॅरियरवर धरून आणली, आई आणि मी मागून चालत आलो. फलाटावर ट्रंक उतरवली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "जा. नीट राहा. आणि परत येशील तेव्हा माझ्यासमोर इंग्रजी झाडू नको." बस्स, एवढंच. मग सायकल वळवून ते गेले, बंद मिलच्या बंद गेटसमोर बसायला.

दोन वर्षं झाली होती मिल बंद होऊन. तरी बाबा पाळी चुकवत नव्हते. मी खिडकीतून त्यांची पाठ बघत राहिले आणि मला रडू येत नव्हतं, राग येत होता. तो राग अजून गेलेला नाही. जे तिथं राहिले त्यांच्यासाठी आणि माझ्यासारखे जे निघून गेले त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. ज्यांना गोड आठवणी हव्यात त्यांनी दुसरीकडे बघावं. पोहे-जिलेबीवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

नव्वदीची सुरुवात होती. देशाची दारं उघडली असं पेपरात रोज छापून येत होतं आणि आमच्याकडे एकेका मिलचं गेट बंद होत होतं. बाबा लूम खात्यात, मागावर होते. शिक्षण आठवीपर्यंत, पण आजोबा महूच्या पलटणीतले. त्यांनी मुलाला छडी हातात घेऊन इंग्रजी वाचायला शिकवलं होतं. त्यामुळे सगळ्या खात्यात इंग्रजी वाचू शकणारा माणूस म्हणजे बाबा. लोक त्यांना मास्टर म्हणायचे. कोणाचं औषध असो, कोणाच्या पोराचा दाखला असो, कागद बाबांच्या हातात यायचा. बाबा चष्मा पुसून, घसा खाकरून वाचायचे. त्या चष्मा पुसण्याचा त्यांना किती अभिमान होता ते मी लहानपणापासून बघितलं आहे.

मग एका सकाळी गेटवर इंग्रजी कागद चिकटवलेला होता. सांगायला मॅनेजर नाही, कोणी नाही. कागद लावून सगळे पळाले होते. हिंदीत दोन ओळी लिहायला यांचे हात झडले होते का, हा प्रश्न मला आजही पडतो. शे-दोनशे माणसं जमली आणि सगळ्यांनी बाबांना पुढे केलं. बाबांनी चष्मा पुसला. 'क्लोज्ड अंटिल फर्दर नोटीस.' त्यांनी एकेक शब्द फोडून सांगितला. क्लोज्ड म्हणजे बंद. अंटिल म्हणजे तोपर्यंत. फर्दर म्हणजे पुढची. "मतलब, अगली नोटीस आने तक मिल बंद है."

लोकांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आणखी एक नोटीस येणार आहे! कंपनीनं तसं लिहूनच दिलंय! आणि ती येईल त्या दिवशी जो गेटवर हजर नसेल त्याचं नाव कटेल, हे कोणीतरी वर जोडलं. झालं. तेव्हापासून पाळ्या लावून माणसं गेटसमोर बसायला लागली. बाबांच्या शेजारच्या लूमवरचे यादवकाका होते, त्यांना बेटम्याला जिनिंगमध्ये चौकीदारी मिळत होती. गेले नाहीत. "मास्टर ने पढ़ा है," म्हणाले, "नोटीस आनी है."

माझा नवरा प्रकाश त्याच मिलमध्ये फिटर होता. तो असल्या भरवशावर बसला नाही. झांबियात एका कापड मिलमध्ये काम मिळालं, तो पुढे गेला आणि आठ महिन्यांनी मी. बाबांनाही तिथं लूमवर घेतील असं त्यानं दोनदा कळवलं होतं. बाबांचं उत्तर ठरलेलं, "आणि मी नसताना नोटीस आली तर?" मी निघाले ते एकच गोष्ट मनाशी ठरवून: या माणसाला त्या गेटसमोरून उठवायचंच.

इंदूरचे लोक अजून मला विचारतात, तिथं सिंह रस्त्यावर फिरतात का गं? अमेरिकेला गेलेल्या मैत्रिणी परसातल्या हरणांचे फोटो पाठवतात आणि खाली 'सो क्यूट' लिहितात. माझ्या वाट्याला क्यूट काही आलं नाही. नदीकाठचं लहान गाव, मिलच्या क्वार्टरची एक ओळ, आणि ओळ संपली की झाडी. मला इंग्रजी शिकवलं ते त्या झाडीतून येणाऱ्या जनावरांनी, आणि शिकवलं ते मारून-मुटकून.

पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर एक बबून बसलेला. आपल्या माकडाच्या तिप्पट, कुत्र्यासारखं थोबाड, आणि माझी मळलेली कणीक दोन्ही हातांनी खातोय. मी ओरडले, "हाड! हाड!" त्याला मराठी येत नव्हतं. कुंपणापलीकडून शेजारच्या मिसेस फिरी धावत आल्या. धिप्पाड बाई, गावच्या दवाखान्यात नर्स. दारातून हातवारे करत ओरडायला लागल्या, "शू! शू! शू!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओट्यावर शू केली की काय यानं? मी कणीक सोडून ओटा बघायला लागले, आणि त्यानं तेवढ्यात साखरेचा डबा उचलून खिडकीतून उडी मारली.

मिसेस फिरींनी त्या दिवशी मला ओळीनं शब्द दिले. शू म्हणजे आपलं हाड. लिड, म्हणजे झाकण, ते घट्ट लाव. लॅच, म्हणजे खिडकीची कडी, ती लाव. बिन, म्हणजे कचऱ्याचा डबा, उघडा ठेवू नको. लेफ्टओव्हर, म्हणजे उरलंसुरलं, बाहेर ठेवू नको. आणि त्यानं दात दाखवले तर समजू नको की हसतोय: "ही इज नॉट स्मायलिंग." पुढे कित्येक माणसांच्या बाबतीत मला ते वाक्य उपयोगी पडलं.

तो बबून आणि मी, आमचं वैर दोन वर्षं चाललं. त्याचा एक कान फाटलेला होता, त्यामुळे ओळख पटायची. मी त्याचा मनापासून द्वेष केला. खरं सांगायचं तर तो द्वेष सगळा त्याचा नव्हता. त्यात कागद लावून पळालेला मॅनेजर होता, मिलचे मालक होते. पण ते माझ्या हाताला लागणार नव्हते आणि हा रोज सकाळी खिडकीत यायचा. मी हातात लाटणं घेऊन उभी राहायचे आणि आलेलं सगळं इंग्रजी त्याच्यावर फेकायचे. गेट आउट! बॅक ऑफ! ड्रॉप इट! एनफ!

त्याचा परिणाम असा झाला की मला फक्त हुकूम देता यायला लागले. 'कृपया', 'माफ करा', 'किती छान' हे शब्द जनावरांना लागत नाहीत, म्हणून मला आले नाहीत. आमच्या नव्या मिलच्या मॅनेजरच्या बायकोनं एकदा क्वार्टरमधल्या बायकांना चहाला बोलावलं. बाई दिल्लीची, नाकात बोलणारी. माझ्या बशीत केकचा तिसरा तुकडा टाकायला आली तेव्हा मी हात आडवा करून म्हणाले, "एनफ! बॅक ऑफ!" पुन्हा बोलावणं आलं नाही. नाही तर नाही, केकही कोरडाच होता.

मग साप. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. बादलीपाशी काहीतरी काळं हललं आणि हातभर उभं राहिलं, फणा काढून. कुंपणापलीकडून मिसेस फिरी दबक्या आवाजात म्हणाल्या, "स्टँड, स्टिल. स्टँड, स्टिल." आता तुम्हीच सांगा, आपल्याकडच्या कुठल्या बाईला यातून काय कळेल? आईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर स्टीलचं स्टँड होतं, ताटं-वाट्या लावायचं. तसलं स्टँड इथं मिळत नाही म्हणून मी मिसेस फिरींपाशी महिनाभर रडले होते. मला वाटलं, मिळालं वाटतं बाईला, पण ही काय वेळ आहे सांगायची! मी फक्त मान वळवून कुठंय स्टँड म्हणून बघत राहिले. पाय जागचे हलले नाहीत म्हणून वाचले. साप थोडा वेळ डुलला आणि गवतात गेला. 'जागची हलू नको' हा अर्थ मिसेस फिरींनी मग सांगितला.

बाजाराला जायला नदीकाठची एक पायवाट होती, जेमतेम दहा मिनिटांची. पण तिच्या तोंडाशी पाटी होती: हत्ती पाण्यावर येतात म्हणून वाट बंद, क्लोज्ड अंटिल फर्दर नोटीस. मी ती वाचली तेव्हा मला बरंच वाटलं, अख्खं वाक्य ओळखीचं निघालं! म्हटलं, चला, पुढची नोटीस लागली की ही वाट धरू. आणि मी बापाची लेक, दर आठवड्याला लांबच्या रस्त्यानं बाजाराला जाता-येता मान वाकडी करून बघायचे, दुसरी पाटी लागली का. एक वर्ष बघितलं. दीड वर्ष बघितलं.

त्या दिवशी मिसेस फिरी माझ्याबरोबर होत्या. पाटीपाशी आलो आणि झाडीतून हत्ती निघाला. एकटाच, कान फडफडवत, आमच्यापासून दहा-पंधरा हातांवर. मिसेस फिरी पुटपुटल्या, "ही विल चार्ज." चार्ज शब्द मला मिलमुळे येत होता. पाळी संपली की एक जॉबर, म्हणजे मुकादम, दुसऱ्याला चार्ज देतो. हा कोणाकडून चार्ज घेणार आहे, असा विचार माझ्या डोक्यात येतोय तोवर त्यानं सोंड वर करून असा आवाज काढला की माझ्या हातातली पिशवी गळून पडली. बाईनं माझा दंड धरला आणि एकेक पाऊल मागे, एकेक पाऊल मागे असं करत मला रस्त्यापर्यंत आणलं. चार्ज म्हणजे काय ते मग हत्तीनंच दाखवलं: चार पावलं अंगावर धाव घेतली, माझ्या पिशवीतली कोबी पायाखाली चिरडली आणि वळून गेला.

मी रस्त्याच्या कडेला बसले. डोकं तापलं होतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडले, "कधी येणार ती फर्दर नोटीस? किती दिवस लांबून जायचं माणसानं?"

मिसेस फिरींना आधी कळेना. मग कळलं आणि त्या हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. म्हणाल्या, अगं, ही पाटी माझ्या लग्नाच्या आधीची आहे. फर्दर नोटीस म्हणून वेगळा कागद नसतो. ज्यांनी ती लावली त्यांनाच माहीत नसतं, एवढाच त्याचा अर्थ. "इट मीन्स, गो अनदर वे." दुसऱ्या रस्त्यानं जा.

त्या हसत होत्या आणि मला गेटसमोर बसलेले बाबा दिसत होते. बाबांनी एकही शब्द चुकीचा वाचला नव्हता. क्लोज्ड, अंटिल, फर्दर, नोटीस, सगळे अर्थ बरोबर. आणि त्या बरोबर अर्थावर माणसं तीन-साडेतीन वर्षं गेटसमोर बसली होती, कारण त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की याला 'दुसरा रस्ता धरा' म्हणतात.

मी पत्र लिहिलं नाही. पत्रातून सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती. प्रकाशची रजा मिळाली, आम्ही इंदूरला आलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. हत्ती, पाटी, मिसेस फिरी. बाबा माझ्याबरोबर चला, तुम्ही आणि आई दोघं, असंही सांगितलं. मला वाटलं होतं, मला उलगडलं तसं त्यांनाही उलगडेल.

बाबा ताडकन उठले. "हत्तीच्या पाटीवरून मिलचा अर्थ काढून राहिली? ते जंगलाचं इंग्रजी आहे. मिलचं वेगळं असतं." मीही ऐकून घेणारी नव्हते. म्हटलं, "इंग्रजी एकच असतं बाबा, आणि तुम्ही चुकलात." आई मधे पडली, "बस कर ना आता, किती बोलशील बापाला!" पण शब्द सुटला तो सुटला. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं तर आईकडे बघून "मीठ दे" म्हणायचे, आणि मीठ माझ्या हातात असायचं.

तिसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला त्यांनी सायकल काढली आणि मला म्हणाले, "चल."

गेटसमोर बंद पडलेल्या कँटीनचा ओटा होता, तिथं नऊ माणसं बसलेली होती. मी झांबियाला गेले तेव्हा चाळीस तरी असायची. कागद ऊनपावसानं कधीच गेला होता, पण यादवकाकांनी त्याची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात जपून ठेवली होती. ती त्यांनी काढून माझ्यापुढे धरली. "अरे, मास्टर की बिटिया! बाहर रहके आई है, अब तो अंग्रेजी पक्की हो गई होगी. पढ़ के बता तो सही बेटा, ये फर्दर नोटीस कितने दिन में आता है?"

नऊच्या नऊ माणसं माझ्याकडे बघत होती. मी बाबांकडे बघितलं. ते सायकलपाशी वाकून पेडल उलटं फिरवत होते, चेन बघितल्यासारखं करत. मला फक्त त्यांची मान दिसत होती. दोन दिवसांपूर्वी तोंडावर 'तुम्ही चुकलात' म्हणणारी मी, मला एकाएकी त्या मानेची दया आली. या लोकांसमोर यांचं मास्टरपण राहायला नको?

मी म्हणाले, "आएगा, काका. कोर्ट-कचहरी का काम है, टाइम लगता है."

"देखा?" यादवकाका सगळ्यांकडे वळले, "मैं बोल नहीं रहा था? मास्टर भिया ने सही पढ़ा था." कोणीतरी चहा सांगितला. मला बसायला पेपर पसरून दिला. मी तो चहा प्यायले.

परतताना बाबा घराकडे वळले नाहीत. सायकल हातात धरून चालत राहिले, थेट कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत. तिथं कठड्याला सायकल टेकवली आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "का नाही बोलली?"

"काय?"

"घरात तर फार बोलत होती. तिथं का नाही बोलली? मी कशाला नेलं होतं तुला?"

मी म्हटलं, "बाबा, तुमच्यासाठीच..."

"माझ्याच्यानं होत नाही म्हणून नेलं होतं," बाबा म्हणाले. "दोन रात्री झोपलो नाही मी. मीच वाचून दाखवलं त्यांना. आता कोणत्या तोंडानं सांगू? म्हटलं, तू सांगशील. तुला येतं."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, उद्या जाऊ. उद्या सांगते, सगळं नीट सांगते. बाबांनी हात सोडवून घेतला. "आज आएगा बोलली, उद्या नहीं आएगा बोलशील? मग तुझंही कोण ऐकेल?" मग म्हणाले, "ते लोक माझ्या वाचण्यावर बसलेत. ते उठल्याशिवाय मी कसा उठू?" झांबियाचं नाव मी त्यानंतर काढलं नाही, त्यांनीही नाही.

आणखी सहा वर्षं बाबा बसले. अर्थ माहीत असून बसले. त्या नऊ जणांतले काही बसल्या जागीच म्हातारे झाले, काही वारले; यादवकाका गेले तेव्हा ती प्लास्टिकची पिशवी त्यांच्या मुलानं बाबांकडे आणून दिली. शेवटी बाबांचे गुडघे गेले आणि त्यांना सायकल मारता येईना, म्हणून ते घरी राहिले. आईनं फोनवर सांगितलं, "आता घरीच असतात. साडेतीनला चप्पल घालून दारात बसतात." काही महिन्यांनी बाबाही गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

लोक विचारतात, एवढ्या वर्षांनी घर कुठलं वाटतं, इथलं की तिथलं? मला या प्रश्नाचा संताप येतो, पण उत्तर मला माहीत आहे. इथं झांबियात मी रोज चुकीचं बोलते, चारचौघांत हसं होतं, आणि कोणाचं काही बिघडत नाही. इथल्या लोकांसाठी मला सगळे शब्द आले काय, न आले काय, सारखंच. घर तिथं आहे, मिलच्या गेटसमोरच्या त्या ओट्यापाशी, जिथं माझ्या बापानं आयुष्यात एकदाच मला इंग्रजी झाडायला नेलं होतं आणि मी तोंड मिटून घेतलं.